पट्टीखालचं पांढरं

दीपमालानं ओढणीच्या टोकानं लॅपटॉपचा पडदा पुसला. पुसून जाणारा डाग नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी पुसला. तक्त्याच्या घरात लाल पट्टी वरच्या अंगाला चिकटून बसली होती आणि तिच्याखाली पांढरी जागा उघडीच होती. पाटी सुरू झाल्यापासून ते पांढरं तिच्या डोळ्यांत सलत होतं.

"काय म्हणतंय तुझं बोळकं?" मागून रणधीरसरांचा आवाज आला.

रणधीर म्हणजे शेतकरी कंपनीचा व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, पण एकदा टोपणनाव ठेवलं की ते सोडायचा नाही. दीपमालाच्या तक्त्याला त्यानं पहिल्याच आठवड्यात बोळकं म्हणून टाकलं होतं. धाराशिवच्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत सकाळी ही दोघंच असत, त्यामुळं बोलणी खायलाही तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"करतेय सर."

"करतेय करतेय म्हणता म्हणता पाऊसकाळ संपत आला. उद्या मुंबईची माणसं येणार आहेत. त्यांना फाट्यावर नेऊन टीव्ही दाखवायचाय. दात पडलेली पाटी दाखवू का त्यांना? आजच नीट करून लाव. दिवसभर चालली तर उद्या घोर नको."

दीपमाला मान खाली घालून 'हो' म्हणाली. लाज वाटायची तिला, खरंच वाटायची. बाकी सगळी पाटी तिनं एकटीनं उभी केली होती आणि ही एवढी एक पट्टी तिला दाद देत नव्हती.

पाटी म्हणजे 'आजची फवारणी'. लोहारा तालुक्यातल्या तिच्याच गावच्या फाट्यावर, सिद्धारामच्या हॉटेलात, एक टीव्ही भिंतीला टांगलेला होता. सकाळी भट्टी पेटली की तो लागायचा आणि दुपारी बंद व्हायचा. त्यावर गावच्या शिवाराचा तक्ता दिसे. एकेका रानाची एकेक ओळ. पहिल्या घरात रानाचं नाव, दुसऱ्यात रंगाची पट्टी, तिसऱ्यात सूचना. औषध मारलेलं असलं तर पट्टी लाल, नसलं तर हिरवी.

हे सगळं सुरू झालं ते ड्रोनमुळं. पूर्वी पाठीवर पंप घेतलेला माणूस लांबूनच दिसायचा. त्याला हाक मारून विचारता यायचं, वासही यायचा. ड्रोनचं तसं नाही. तो येतो, घुंई करून सोयाबीनवरून फिरतो, आणि बिडी विझायच्या आत दुसऱ्याच्या रानात गेलेला असतो. मागं सगळं जिथल्या तिथं, हिरवंगार. औषध पिकावर पडतं तसं वाऱ्यानं बांधावरच्या गवतावरही पडतं, आणि मेंढरं चरतात ती बांधावरच. गेल्या साली माणिकप्पाची मेंढरं अशीच एका बांधावर चरली. आधी तोंडातून लाळ गळायला लागली, मग पाय थरथरायला लागले, आणि दिवस मावळायच्या आत निम्मा कळप पाय ताणून पडला. माणिकप्पा अजून माणसांत आलेला नाही. बायको ताट वाढते तेव्हा जेवतो, एवढंच.

तेव्हा कंपनीच्या बैठकीत ठरलं, की ड्रोन कुठं फिरला ते मेंढक्यांना सकाळीच कळलं पाहिजे. काम आलं दीपमालाकडं. ती कॉम्प्युटर शिकलेली, त्याच गावची, आणि बब्रुवान मेंढक्याची लेक. तिच्याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता, असं अध्यक्ष भर बैठकीत म्हणाले होते आणि स्वतःच्या घरातला जुना टीव्हीही त्यांनी पाटीसाठी देऊन टाकला होता.

दीपमालानं कपाळावरचे केस मागं सारले आणि पुन्हा सीएसएसच्या, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या, ओळी वाचायला घेतल्या. घोटाळा कुठं होता ते तिला दिसत होतं. ज्या रानात औषध मारलं असेल त्याची सूचना लांबलचक असायची: औषध मारलेले आहे, तीन दिवस जनावरे सोडू नयेत, पाणी पाजू नये, शेंगा-भाजी तोडू नये. तेवढा मजकूर मावायला तिसरं घर वाढे, आणि त्याच्याबरोबर अख्खी ओळ उंच होई. पण दुसऱ्या घरातल्या पट्टीवर शब्द एकच, 'फवारणी'. पट्टी त्या शब्दापुरती राही, आणि खाली उरे पांढरं. हिरव्या ओळींत ही भानगड नव्हती. तिथं सूचना 'काही नाही' एवढीच, त्यामुळं ओळ बुटकी आणि पट्टी घरभर.

पट्टीला तिनं सांगून ठेवलं होतं, उंची शंभर टक्के घे. पट्टी ऐकत नव्हती. शंभर टक्के म्हणजे कुणाच्या शंभर टक्के, हे ती घराला विचारणार, आणि घराला तर तिनं कधी उंची दिलेलीच नव्हती. ते आपलं मजकुराच्या मागं वाढत होतं. काल रात्री जेवता जेवता तिनं कुठंतरी वाचलं होतं, की घराला नावापुरती उंची द्यावी. एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढी, दिली तरी चालते. घर काही तेवढ्यावर थांबत नाही, मजकुराबरोबर वाढायचं तेवढं वाढतंच, पण पट्टीला विचारायला जागा मिळते.

असल्या उपायावर तिचा विश्वास नव्हता. तरी तिनं ती एक ओळ लिहिली आणि पान ताजं केलं.

पट्टी भरली. वरपासून खालपर्यंत, या काठापासून त्या काठापर्यंत लालभडक, कुठं सुईच्या टोकाएवढंही पांढरं नाही. दीपमाला एकटीच हसली. मग तिनं फोनवर उघडून बघितलं, तिथंही तसंच. ड्रोनवाल्याचा निरोप भल्या सकाळीच येऊन पडला होता, बोरीचा पट्टा फवारून झाला म्हणून. त्या ओळीत सूचना तिनं तेव्हाच भरली होती, आता सगळं वर चढवून दिलं. फाट्यावर सिद्धारामची भट्टी पेटायची वेळ झालीच होती.

"सर, बघा."

रणधीरनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "वा. आता कसं माणसात आल्यागत दिसतंय."

दीपमालानं चहा मागवला आणि स्वतःच पैसे दिले. आबांना आज टीव्ही कसा दिसेल, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही. बब्रुवानला अक्षर येत नव्हतं. लहानपणी तिनं त्याला पाटीवर 'ब' काढून दिला होता, तर तो म्हणाला होता, हे माझ्या हाताचं काम न्हाय, तू शीक. पण ही पाटी लागल्यापासून गडी बदलला होता. दिसेल त्याला थांबवून सांगायचा, की माझ्या लेकीची पाटी मला वाचता येते. नागपंचमीला ती गावी गेली तेव्हा तिनं गमतीनं विचारलंही होतं.

"खरंच कळतं का आबा तुम्हाला?"

"न कळायला काय झालं. एका नजरंत कळतंय. अजून एकबी मेंढरू गेलं न्हाय माझं."

तिला केवढं बरं वाटलं होतं. लाल-हिरवं तिनं त्याच्यासारख्यांसाठीच तर ठेवलं होतं. वाचता येत नसलं तरी रंग कुणालाही कळतो. गावी ती रविवारी जायची, उतरेपर्यंत टीव्ही बंद झालेला असायचा, त्यामुळं फाट्यावर उभं राहून तिनं आपली पाटी कधी बघितली नव्हती. बघायची गरजही वाटली नव्हती, लॅपटॉपवर रोज दिसतच होती.

उन्हं चढली. रणधीर उद्याच्या पाहुण्यांच्या जेवणाचं फोनवर ठरवत होता. तेवढ्यात दीपमालाचा फोन वाजला. सिद्धाराम होता.

"दीपा, आज पाटी लई झकास दिसतीया. खोकी कशी भरल्यागत. लोकं बी खूश."

"खूश? का हो काका?"

"का म्हंजे? आज कुठंच फवारणी न्हाय म्हणल्यावर खूश न्हाय होणार व्हय? मेंढरं निवांत सोडली सगळ्यांनी."

दीपमालाला आधी वाटलं, पान नीट उघडलं नसेल. "आहे की काका फवारणी. बोरीच्या पट्ट्यात मारलंय. लिहिलंय बघा त्या ओळीत."

"लिहिलं असंल गं. वाचतंय कोण? मी तळणाच्या कढईपुढनं हलतो का? ती येत्यात, वर बघत्यात, आन् जात्यात."

"पण लाल दिसत असेल ना. बोरीच्या पट्ट्यापुढं लाल आहे, बाकी सगळं हिरवं."

 मागं कढईचा आवाज येत होता.

"ह्या टीव्हीत कुठलं लाल? अध्यक्षांनी दिला तवाच त्याचं डोळं गेल्यालं हुतं. लाल काय, हिरवं काय, सगळं सारखंच निळसर दिसतंय. तुला कुणी सांगितलं न्हाय का?"

"मग लोकांना कळत कसं होतं?"

"पांढऱ्यावरनं. जिथं पट्टीखाली पांढरं, तिथं औषध. पांढरं न्हाय तिथं जा खुशाल. तुझ्या आबानंच हेरलं ते. पयल्या आठवड्यात रोज यायचा, कुठं ड्रोन फिरला ते इचारायचा आन् पाटीकडं बघत बसायचा. मग कुठली ओळ कुठल्या रानाची ते पाठ केलं आन् सगळ्यांना त्यानंच शिकवलं. आमाला वाटलं, तूच तसं ठेवलंय त्याच्यासाठी."

 

"काका, आबा कुणीकडं गेले?"

"थांब, इचारतो." सिद्धारामनं कुणाला तरी हाक मारली, उत्तर आलं ते तिलाही ऐकू आलं, तरी त्यानं पुन्हा सांगितलं. "बोरीच्या पट्ट्याकडं गेलाय म्हणं. बाकीची माळावर हायत. आज मोकळं हाय तर तिकडचं गवत चारतो म्हणला."

तिनं फोन ठेवला तो पुन्हा लावायलाच. बब्रुवानचा नंबर. बाईचा गोड आवाज आला, की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. बोरीचा पट्टा खोलगटात होता, तिथं रेंज नसते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. शाळेत असताना भाकरी पोचवायला तीच जायची तिथं.

"सर," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की रणधीरनं फोन कानापासून लांब धरला. "बोरीच्या पट्ट्यात काय मारलंय आज?"

"अळीचं. का?"

"लगेच बाधतं का ते?"

"बाधतं म्हणजे? विषच ते. ओलं असताना तर..." त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पाहुण्यांचं जेवण तिथंच सोडलं. "काय झालं?"

तिनं सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ते खोटं वाटत होतं. पट्टीखालचं पांढरं काढलं म्हणून मेंढरं विषात गेली, असं कुणी तिला सांगितलं असतं तर तिनं त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. रणधीर हसला नाही, बोळकंही म्हणाला नाही. जनावरांच्या डॉक्टरचा नंबर शोधत तो दाराबाहेर गेला.

दीपमाला लॅपटॉपपुढं बसली. घराला दिलेली ती एक पिक्सेलची ओळ तिनं पुसली आणि पान ताजं केलं. लाल पट्टी आखडून वर गेली, खाली पांढरं उघडं पडलं. तिनं सिद्धारामला फोन लावला.

"काका, बघा बरं आता."

"दिसतंय. बोरीच्या पट्ट्यापुढं दिसतंय पांढरं."  मग म्हणाला, "पर आता बघायला हाय कोण इथं?"

"तुम्ही जा ना काका. गाडी काढा."

"निघालोच हाय. पर ओढ्याला पाणी हाय, गाडी त्या अंगाला जायची न्हाय. तिथनं पुढं पायीच."

फोन बंद झाला. दीपमाला बब्रुवानचा नंबर लावत राहिली. ती बाई न थकता तेच सांगत राहिली. दारातून ऊन आत सरकलं होतं, आणि बाहेर रणधीर कुणाला तरी मोठ्यानं विचारत होता, की लोहाऱ्याहून पोचायला किती वेळ लागेल. मेंढरं मोठी अधाशी असतात. ओलं गवत दिसलं की मान वर करत नाहीत. हे आबांनीच तिला सांगितलं होतं, पण आता ते आठवून काय उपयोग होता.

मग फोन हातातच वाजला. आबा.

"हां, बोल. लई येळा फोन केलास. आत्ता बांधावर चढलो तवा कळलं."

"आबा, मेंढरं कुठंयत?"

"खाली चरत्यात. आज तुझ्या पाटीवर कुठंच पांढरं न्हाय, म्हणलं चला बोरीच्या पट्ट्यात. हिकडं कुणी फिरकलंच न्हाय पंधरा दिस. गवत लई हाय बघ."

"आबा, ऐका. मेंढरं बाहेर काढा. आधी काढा. तिथं औषध मारलंय सकाळी."

 वारा फोनमध्ये शिरत होता.

"न्हाय गं," बब्रुवान समजुतीच्या सुरात म्हणाला. "पाटी बघूनच आलोय मी. नीट बघितली. दोनदा बघितली."

"पाटी मी बदलली आबा. मला ठाऊक नव्हतं तुम्ही पांढरं बघता म्हणून. चुकलं माझं. तुम्ही आधी मेंढरं काढा हो."

 मग त्याचा आवाज आला, पण तो तिच्याशी बोलत नव्हता. हुर्र, हुर्र, असं हाकत होता. थोड्या वेळानं पुन्हा फोन कानाला लागला.

"तरीच. चार-पाच बसल्यात बघ मघाधरनं. मला वाटलं, उन्हानं. उठवतो तर उठंनात."

"सिद्धारामकाका निघालेत. डॉक्टर पण येतायत. तुम्ही नुसतं बाकीच्यांना वर माळाकडं न्या."

"नेतो. तू रडू नको. तुझं काय चुकलं त्यात, तू कुठं बघितलंय ह्या टीव्हीत." बोलता बोलता तो बाजूला थुंकला. लगेच परत थुंकला. "हे बी काय झालंय कुणाला ठाऊक. तोंडाला नुसतं पाणी सुटतंय मघाधरनं. डोळ्याफुडं बी जरा धुरकट..."

दीपमाला उभी राहिली. दारात रणधीर फोन हातात धरून तिच्याकडं बघत होता, काहीतरी विचारत होता, पण तिला ते कळत नव्हतं.

"आबा, तुम्ही तिथं काही खाल्लंत का?"

"कवाच खाल्लं. मुगाच्या शेंगा. कडंला मूग हाय न्हवं ह्या पट्ट्यात, लई कोवळा. पोटभर खाल्ल्या. तुला बी धोतराच्या सोग्यात बांधून ठेवल्यात, ऐतवारी येशील तवा." तो पुन्हा थुंकला. "का गं?"